आवाज आधी आला

या अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, "आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बंदूक चालवण्याचा रोमांचक अनुभव आमच्या वाचकांसाठी लिहा." तर सुरुवातीलाच सांगतो, मी बंदूक चालवली ती शर्यत सुरू करायला नव्हे, थांबवायला. शंभर मीटरच्या शर्यतीत बंदुका एकाहून जास्त असतात. पहिली स्टार्टरची. लाल कोट घालून तो छोट्या चौथऱ्यावर उभा असतो आणि टीव्हीवर दिसतो. दुसरी रिकॉलरची. तो बाजूला उभा असतो आणि टीव्हीवर त्याचं फार तर कोपर दिसतं. कुणी आवाजाच्या आधी सुटलं, तर दुसरा बार काढून सगळ्यांना परत बोलवायचं, एवढंच रिकॉलरचं काम. शर्यत नीट सुटली तर तो काहीही करत नाही. मी रिकॉलर होतो. बहुतेक शर्यतींत मी काहीही केलेलं नाही, आणि ते चोख केलं आहे.

मी मूळचा अवसरी बुद्रुकचा. मंचरच्या बाजूच्या एका शाळेत तीस वर्षं खेळाचा मास्तर होतो. तालुक्याच्या स्पर्धांपासून सुरुवात केली, परीक्षा देत देत जिल्हा, राज्य, देश असा वर सरकलो. आमच्या पिस्तुलात गोळी नसते, नुसता बार असतो. पण हे पिस्तुलाकडे बघून कळत नाही, त्यामुळे प्रवासात घोटाळे व्हायचे. एकदा नारायणगावच्या स्टँडवर पोलिसानं बॅग उघडायला लावली. मी म्हणालो, "शर्यतीचं आहे." तो म्हणाला, "कंची शर्यत, गुर्जी?" मी म्हणालो, "मुलींची, शंभर मीटर." त्यानं मला तासभर बसवून ठेवलं.

आळ्याला एका शाळेच्या मैदानावर मुलींची शर्यत होती. मैदानाला लागून ऊस. तालुक्याला स्टार्टरही मीच असायचो. मी बार काढला, मुली पळाल्या आणि उसातून दहा-बारा माणसं काठ्या घेऊन बाहेर आली. त्यांना वाटलं, बिबट्यावर गोळी झाडली. कुठं आहे, कुठं आहे, म्हणत तीही मुलींच्या मागे पळाली. त्या दिवशी मुलींनी जे सेकंद लावले ते पुढे त्यांना कधी जमले नाहीत. मी ते निकालपत्रात लिहिले, पण शेऱ्यात कारण दिलं. निकाल खरा लिहायचा आणि शंका असेल तर शेरा द्यायचा, हा माझा नियम होता. हा नियम मी पुढे एकदाच मोडला, आणि लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडं कामाबद्दल. 'सेट' म्हटलं की मुली कंबर वर उचलतात आणि थिजतात. या वेळी प्रेक्षक पाय बघतात. आम्ही हात बघतो. बोटं पांढऱ्या रेघेच्या मागे टेकलेली असतात, सगळं वजन त्यांच्यावर असतं, त्यामुळे सुटायचं मनात आलं की आधी बोटं हलतात. हल्ली मोठ्या स्पर्धांत पाय टेकवायच्या ठोकळ्यांना यंत्र जोडलेलं असतं. बारानंतर शतांश-सहस्रांश मोजून ते सांगतं, कोण किती लवकर निघालं. लवकर निघणारीला लाल पट्टा दाखवतात, आणि ती त्या शर्यतीतून बाद. दुसरी संधी नाही. एकच पळवाट आहे. बाहेरच्या कशानं, म्हणजे कॅमेऱ्यानं, प्रेक्षकांच्या ओरडण्यानं ती दचकली असेल, तर हिरवा पट्टा दाखवतात. मग कुणाचाच दोष नाही, शर्यत पुन्हा.

आता घाटाबद्दल सांगतो. हे विषयांतर नाही.

आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांची शर्यत गाड्याशी गाडा लावून होत नाही. घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच गाडा पळतो, आणि तो घड्याळाशी पळतो. खाली सुटण्याच्या रेघेवर झेंडेवाला असतो. बैलांचे पाय रेघ ओलांडतात त्या क्षणी झेंडा खाली, आणि वर घड्याळं सुरू. शाळा सुटल्यावर यात्रांच्या दिवसांत हा झेंडा माझ्याकडे असायचा. आणि माईक असायचा बबननानांकडे.

बबननाना महाळुंगे पडवळचे. आवाज असा, की वीज गेली तरी घाटात कुणाला कळायचं नाही. झेंडा पडला की नाना "भिर्रर्र" म्हणून जी आरोळी ठोकायचे, ती ऐकायला लोक लांबून यायचे. पण मला त्यांचं कौतुक आवाजासाठी नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांची आरोळी एकदाही झेंड्याच्या आधी गेली नाही. आरोळी आधी गेली, तर वरचा घड्याळवाला दचकून बटण दाबतो आणि गाडामालकाची वर्षाची मेहनत वाया जाते. नाना म्हणायचे, "आपून मागून बोलायचं. जे झालं तेच बोलायचं." मध्ये काही वर्षं शर्यतींवर बंदी होती. पुन्हा परवानगी आली तेव्हा मला वाटलं, नानांचा अंदाज चुकेल. पहिल्याच गाड्याला झेंडा पडला आणि आरोळी मागून आली, तशीच.

प्रणाली ही नानांची पुतणी. पाचवीत असताना माझ्या शाळेत आली. वडील लवकर गेलेले, नानांनीच वाढवली. बैल सरावाला पळायचे तेव्हा ही त्यांच्या बाजूने पळायची. शाळेच्या मैदानावर मी तिला बाराची सवय लावली, कधी पिस्तुलानं, कधी दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटून. पुढे ती पुण्याला गेली, मोठे प्रशिक्षक मिळाले, मी मागे पडलो. तसंच व्हायला हवं होतं. बावीस वर्षांची असताना ती शंभर मीटरसाठी देशाच्या संघात आली. आशियाभरचे संघ आपल्याच देशात यायचे होते, आणि त्या स्पर्धेत मी रिकॉलर होतो.

फायनल गाठली तर तिला खेळाडूंच्या जागेतून पोलिसात नोकरी मिळणार होती. कागद तयार होते, फक्त 'अंतिम फेरीतील सहभाग' एवढी ओळ भरायची राहिली होती. मांडीचा स्नायू दोनदा फाटलेला होता. आणखी एक हंगाम निघेल की नाही, हे तिच्या डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं.

सकाळीच मी आमच्या चीफ स्टार्टरना सांगितलं, की सेमीफायनलला सहाव्या लेनमध्ये माझी जुनी विद्यार्थिनी आहे, मला बदलायचं तर बदला. मॅथ्यू सर केरळचे, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "तुम्हाला दिसतं ना नीट?" मी म्हणालो, "दिसतं." ते म्हणाले, "मग उभे राहा."

गावाकडून चौदा माणसं जीप करून आली होती. त्यांचे पास मी काढले होते. शेवटच्या रेघेजवळच्या जागा भरल्या होत्या. वरच्या बाजूला मधल्या जागा मिळत होत्या, पण मी सुटण्याच्या रेघेमागच्या घेतल्या. माझ्या लेखी शंभर मीटरची शर्यत म्हणजे पहिले दोन सेकंद. उरलेले दहा फक्त निकाल. ही माझी पहिली चूक. नानांना मी बजावलं होतं, "सेट म्हटल्यावर खोकायचंसुद्धा नाही."

नाना दुखावले. म्हणाले, "आमी काय गावठी हाये का, गुर्जी?"

दुपारी साडेचारला मुली लेनमध्ये आल्या. प्रणालीनं माझ्याकडे बघितलं नाही, हे बरं झालं. मॅथ्यू सरांनी कानांवर हेडफोन चढवले. त्या हेडफोनमध्ये ठोकळ्यांच्या यंत्राची शिट्टी ऐकू येते, आणि बाहेरचं काही ऐकू येत नाही. हे लक्षात ठेवा.

'सेट.' सगळं स्टेडियम गप्प झालं. मी सहा ते आठ लेन बघत होतो, बोटं बघत होतो. सहाव्या लेनमध्ये डाव्या हाताची बोटं उचलली गेली. त्यानंतर माझ्या पाठीमागून "भिर्रर्र" आली. त्यानंतर मॅथ्यू सरांचा बार. आणि मग माझा दुसरा बार. चारही गोष्टी मिळून एका डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ. पण क्रम मला दिसला. तीस वर्षं मी दुसरं काय करत होतो?

बोटं आधी. आरोळी मागून. नानांचे डोळे रेघेवर होते, त्यांना रेघेवर काहीतरी सुटलेलं दिसलं आणि तोंड आपोआप उघडलं. आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी केलं.

मुली वीस-पंचवीस मीटरवरून परत आल्या. मॅथ्यू सरांनी यंत्राचा कागद बघितला, हेडफोन काढले आणि माझ्याकडे आले. म्हणाले, "सहावी लेन आधी गेली आहे. काही कारण?" दुसरा रिकॉलर पलीकडच्या बाजूला होता. त्याला गलका ऐकू आला होता, कधी ते सांगता येत नव्हतं. यंत्राला पाय कळतात, आवाज कळत नाही. म्हणजे आता फक्त माझे कान होते.

प्रणाली आठ पावलांवर कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मॅथ्यू सरांकडे नाही, माझ्याकडे. ती काही मागत नव्हती. लहानपणी फळ्या वाजायच्या आधी पळाली की अशीच उभी राहायची, मी ओरडायची वाट बघत.

मी इंग्रजीत म्हणालो, "सर, आवाज आधी आला."

मॅथ्यू सरांनी माझ्याकडे जेवढा वेळ बघायला पाहिजे तेवढाच वेळ बघितलं. मग हिरवा पट्टा सगळ्या लेनना दाखवला.

दुसऱ्या वेळी प्रणाली बारानंतर इतकी उशिरा उठली, की मला वाटलं ही बसूनच राहते की काय. तरी चौथी आली. पाचवी आलेली मुलगी तिच्या दोन शतांश मागे होती. फायनलच्या आठ जागांतली शेवटची जागा त्या दोन शतांशांवर ठरली. त्या पाचव्या मुलीचा देश मी इथं लिहीत नाही. तिनं निकालाचा फलक दोनदा वाचला, मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि दोन्ही बूट एका हातात धरून अनवाणी आत गेली. रिकॉलरला शर्यत झाल्यावर काही काम नसतं, त्यामुळे मला ती शेवटपर्यंत दिसली.

फायनलला प्रणाली आठवी आली. आठांत.

संध्याकाळी गाड्या लावायच्या जागी नाना जीपला टेकून उभे होते. मला म्हणाले, "ते हिरवं कशापायी दावलं, गुर्जी?"

मी म्हणालो, "नाना, तुमची आरोळी आधी आली. त्यामुळं ती दचकली. असं मी सांगितलं."

"आधी?" नाना म्हणाले. "मला तर वाटलं, ती हालली तवाच…" एवढं बोलून थांबले. जीपच्या टायरकडे बघत म्हणाले, "तुमी जवळ व्हता. तुमी म्हणता मंजी आसंल."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण शेजारी तेरा माणसं उभी होती, स्पर्धा संपायला दोन दिवस होते, आणि माझ्या छातीवर पंचाचा बिल्ला होता. ही कारणं मी त्या वेळी स्वतःला दिली. आज ती लिहून काढल्यावर फार लहान दिसतात.

गावात मिरवणूक निघाली. 'आशियात आठवी' असा फलक फाट्यावर लागला. त्यावर प्रणालीच्या फोटोखाली माझा फोटो होता, 'मार्गदर्शक' म्हणून. नानांचा नव्हता. पारावरच्या लोकांनी हिशेब मांडलाच होता. "नाना वरडलं नसतं तर पोरगी पयली आली आसती." कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण नानांना ऐकू जाईल इतपत लांबूनच म्हणत होते.

पुढच्या यात्रेला नानांनी माईक घेतला नाही. "घसा बसलाय," म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही घसा बसलेला होता. यात्रा कमिटीनं नानांची जुनी आरोळी मोबाइलवर शोधून काढली आणि झेंडा पडला की स्पीकरवर वाजवायला लागले. ती कधी आधी वाजायची, कधी गाडा निम्म्या घाटात गेल्यावर. नाना घाटाच्या कडेला सगळ्यांच्या मागे उभे राहून ऐकायचे. मी झेंडा हातात घेऊन खाली उभा असायचो, आणि तिकडे बघायचं टाळायचो.

जे खरं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. शेवटी प्रणाली आली. फौजदार झाल्यावर पहिल्याच सुटीत ती अवसरीला माझ्या घरी आली. चहा घेतला, माझ्या बायकोला नोकरीच्या गोष्टी सांगितल्या. मग मला म्हणाली, "सर, ठाण्यात रोज लोकांच्या जबान्या लिवून घेती. खोटं बोलणारा माणूस लई ठाम बोलतो. मी पयली खोटी जबानी तुमची ऐकली."

मी म्हणालो, "तुला माहीत होतं?"

"बोटं माझी व्हती, सर."

कपबशी बाजूला सारून म्हणाली, "मीबी गप बसले. नोकरी पायजे व्हती. पण नाना आता बैलापुढंसुद्धा मोठ्यानं बोलत न्हाईत. तुमी सांगता का मी सांगू?"

मी म्हणालो, मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी महाळुंग्याला गेलो. नाना गोठ्यापुढे बैलाला खरारा करत होते. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. बोटं आधी हलली, आरोळी मागून आली, मी खोटं बोललो, तुमच्यावर घातलं. नानांचा खरारा थांबला नाही. बैलाची एक बाजू पूर्ण करून ते दुसऱ्या बाजूला गेले. तिथून मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"मंजी माझं टायमिंग बरूबर व्हतं," ते म्हणाले.

"बरोबर होतं."

"दोन वर्सं मी रातीचं मोजतोय, राव. ती हालली, मी वरडलो. ती हालली, मी वरडलो. मला तसंच याद येतंय. पर गुर्जी खोटं कशाला बोलतील, म्हणून मी माझी यादच खोटी धरली."

मला रडू आलं. मी साठीचा माणूस गोठ्यात उभा राहून रडलो, आणि नानांनी मला रडू दिलं. मग पलीकडून विचारलं, "ती पाचवी पोरगी. तिचं काय?"

तिच्याबद्दल दोन वर्षांत मला कुणीही विचारलं नव्हतं. प्रणालीनं नाही, माझ्या बायकोनं नाही. मी म्हणालो, "तिचं काही करता येणार नाही."

"इच्यारून तर बघा."

मी विचारलं. संघटनेला सविस्तर पत्र लिहिलं, क्रमासकट, माझ्या सहीनिशी, आणि सोबत बिल्ला आणि पंचाची लाल टोपी परत पाठवली. मॅथ्यू सरांना वेगळं लिहिलं. संघटनेचं उत्तर आलं, की निकालावर आक्षेप घ्यायची मुदत निकाल लागल्यापासून तीस मिनिटं असते. मला दोन वर्षं उशीर झाला होता. बिल्ला मिळाल्याची पोच होती. मॅथ्यू सरांचं कार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती: "त्या दिवशी मी तुम्हाला डोळ्यांबद्दल विचारलं होतं." मी ते कार्ड पिस्तुलाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आहे. त्या पाचव्या मुलीला मी अजून काही लिहिलेलं नाही. काय लिहायचं ते ठरत नाही, आणि हे या लेखातलं सगळ्यात खरं वाक्य आहे.

प्रणालीनं तिच्या बाजूनं पोलीस खात्याला खरं लिहून दिलं का, हे मी विचारलं नाही. तिनं पारावर मात्र जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की आधी मी हलले. पारावरचे लोक म्हणाले, "पोरीचं मन मोठं हाय, चुलत्याला सांभाळून घेती." त्यांनी तेही खोटंच धरलं.

या वर्षीच्या यात्रेला मी झेंडा नको म्हणालो होतो. नानांनी निरोप धाडला, झेंड्याला गुर्जी नसतील तर माईकला मी नाही. म्हणून गेलो. घाट भरला होता. पहिला गाडा जुंपला, बैल धरून माणसं उभी, आणि माचावर नानांनी माईक हातात घेतला. दोन यात्रा सोडून तो आवाज आला आणि लोक गप्प झाले.

"मंडळी, झेंड्याला हायेत अवसरीचे गुर्जी," नाना म्हणाले. "गाडामालकांनी काळजी करू ने. गाडा आधी सुटला, तर गुर्जी माझ्यावर ढकलतील."

घाट हसला. कशाला हसतोय हे त्यांना माहीत नव्हतं. माचाखाली प्रणाली उभी होती, ती हसली नाही. माझ्याकडे बघत होती. मीही हसलो नाही.

मग माणसांनी बैल सोडले. मी बैलांच्या पायांकडे बघत राहिलो. पाय रेघेवर आले आणि मी झेंडा खाली घेतला.

आरोळी मागून आली.